दौंड–शिरूर, व्हाया न्हावरे

"म्याडम, ह्या पेटीचं तिकीट घ्यावं लागंल."

मी मान वर केली. खाकी शर्ट, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटाचं मशीन... आणि चेहरा इतका गंभीर, की मला आधी खरंच वाटलं.

"मांडीवर घेतलीय ना मी," मी म्हटलं. "कुणाची सीट अडवलीय?"

"मांडीवरच्या लेकराला बी वय झालं की हाफ लागतं. हिचं वय काय?"

"असेल... सत्तर."

"मग ज्येष्ठ नागरिक. तरीबी अर्धं लागणारच."

मागच्या सीटवरच्या दोन बायका फिदीफिदी हसल्या. मी काहीतरी फटकन बोलणार, तेवढ्यात पाटसच्या पुढं बस खड्ड्यात आदळली. पेटीचा भाता सैल झाला होता, दोन स्वर अडकून बसले होते. तिनं त्या धक्क्यासरशी असा काही लांबलचक गळा काढला, की ड्रायव्हरसुद्धा आरशातून बघायला लागला.

"रडायला लागली," कंडक्टर म्हणाला. "राहू द्या. न्हाई घेत तिकीट."

आता मलाही हसू आवरेना.

"कुठं निघाली म्हणायची ही?"

"शिरूरला. पोपटराव म्हणून आहेत, ते पेट्या दुरुस्त करतात. नाताळच्या आत वाजायला पाहिजे. आमच्या चर्चची आहे."

त्याचा हात मशीनवर थांबला. चेहऱ्यावरचा गंभीरपणा कुठल्या कुठं गेला.

"सलाम," तो हळूच म्हणाला.

आमच्या ख्रिस्ती लोकांत जुनी माणसं भेटली की एकमेकांना सलाम म्हणतात. माझे आजोबा म्हणायचे, पप्पा म्हणतात. माझ्या वयाच्या कुणाच्या तोंडून मी तो पहिल्यांदाच ऐकत होते... आणि तोही लाल डब्यात, उभ्यानं, एका हातानं दांडा धरून.

"सलाम," मी म्हटलं. "म्हणजे तुम्ही...?"

"शिरूरच्या मंडळीतला. सुदर्शन." एवढं बोलून त्यानं घंटीची दोरी ओढली आणि एकदम वेगळ्याच आवाजात ओरडला, "चौफुलाऽऽ! चौफुला उतरा!"

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. पण अजूनही कुठं एसटीची घंटी ऐकली, की माझ्या मांडीवर त्या पेटीचं वजन येतं.

मी तेव्हा न्हावऱ्याच्या शाळेत नुकतीच लागले होते. शाळा दुपारची. दौंडला रेल्वे क्वार्टरमधून निघायचं, स्टँडवर साडेदहाची शिरूर गाडी धरायची आणि पाटस, चौफुला, केडगाव, पारगाव करत न्हावऱ्याला उतरायचं. त्या गाडीवर नेमकी सुदर्शनची ड्यूटी लागायला लागली. ती लागायची की तो लावून घ्यायचा, हे मी त्याला लग्नानंतर विचारलं. तो नुसता हसला.

खिडकीजवळच्या एका सीटवर रोज एक चौकड्याचा रुमाल टाकलेला असायचा. मी चढले की तो काहीच न बोलता रुमाल उचलायचा, घडी घालायचा आणि खिशात ठेवायचा. एकदा एका आजोबांनी विचारलं, "ही जागा कुणाची रं?"

"शाळेची हाय, आबा," तो म्हणाला. "सरकारी कामात अडथळा नको."

पारगावच्या आसपास गुऱ्हाळं लागायची. हिवाळ्याचे दिवस, खिडकीतून गार वारा आणि त्या वाऱ्याला उकळत्या रसाचा वास. एकदा गाडी बिघाडाला थांबली, तर हा पळत जाऊन उसाच्या पाचटावर गरम गुळाचा लपका घेऊन आला.

"खा. जीभ भाजंल, फुंकून खा."

"ड्यूटीवर असताना असं चालतं?"

"न्हाई चालत. म्हणून तर तुम्ही लवकर संपवा."

जीभ भाजलीच. मी 'हा... हू...' करत राहिले आणि तो दुसरीकडं बघत हसू दाबत राहिला. त्या दिवशी वर्गात मुलांना कविता शिकवताना मला मध्येच हसू येत होतं.

आम्ही बोलायचो तरी काय? त्यांच्या तरुण संघात तबला कोण वाजवतो, आमच्या पाळकसाहेबांचं प्रवचन किती लांबतं... अशाच गोष्टी. पण पाटसपासून न्हावऱ्यापर्यंतचा रस्ता मला दिवसेंदिवस आखूड वाटायला लागला होता.

मग एक दिवस तो म्हणाला, "येत्या रविवारी आमच्या मंडळीत कापणीचा सण हाय. लोक शेतातलं काय काय आणतात, भजनं असतात... तुम्ही या की. पाळकसाहेबांना सांगून ठेवतो, दौंडच्या करुणा...?"

"रणभिसे."

मशीनमधून निम्मं बाहेर आलेलं तिकीट तसंच लोंबत राहिलं.

"रेल्वेत गार्ड हायेत ते रणभिसे साहेब... त्यांच्या?"

"धाकटी मुलगी. तुम्ही ओळखता पप्पांना?"

त्यानं तिकीट फाडून माझ्या हातात ठेवलं आणि तो पुढं गेला. न्हावऱ्यापर्यंत माझ्याकडं फिरकलाही नाही. मी उतरले, तसा माझ्या मागोमाग उतरला.

"म्याडम, तुम्ही माझं आडनाव विचारलं न्हाई कवा."

"काय आहे?"

"पाटोळे." त्यानं खाली बघितलं. "विनय पाटोळ्याचा मी धाकटा भाऊ."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तो गेला. मी स्टँडवर उभीच.

विनय पाटोळे. हे नाव आमच्या घरात पाच वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

माझी मोठी बहीण प्रतिभा, माझी ताई, हिचं लग्न त्याच्याशी ठरलं होतं. क्वार्टरसमोर मांडव पडला होता, हळद लागली होती, मम्मीनं पाहुण्यांसाठी डबे भरभरून करंज्या केल्या होत्या. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी शिरूरहून एक माणूस निरोप घेऊन आला: वऱ्हाड येणार नाही. ताईच्या घोट्याजवळ कोडाचा एक पांढरा डाग होता. पप्पांनी तो मध्यस्थाला आधीच सांगितला होता. त्यानं पुढं सांगितलाच नाही. मुलाच्या आईला हळदीच्या दिवशी कळलं आणि ती अडून बसली. डागाची पोरगी माझ्या घरात नको. विनय आईच्या शब्दाबाहेर गेला नाही.

मांडव सोडायला आलेल्या माणसांना पप्पांनी स्वतः दोऱ्या सोडून दिल्या होत्या. मला ते अजून दिसतं. त्यानंतर वर्षभरात मम्मी गेली. डॉक्टर हृदय म्हणाले.

मी साडेदहाची गाडी सोडून दिली. सकाळची लवकरची धरायची आणि शाळेच्या बंद दारासमोर बसून राहायचं, असं सुरू झालं. नाताळ आला. पेटी दुरुस्त होऊन आली, छान वाजली, मी गायनवृंदात उभी राहून गायले... आणि सगळा वेळ माझ्या जिभेवर गुळाचा चटका होता.

ताई तेव्हा कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये होती. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी यायची. एक दिवस ती म्हणाली, "तू हल्ली इतक्या लवकर कुठं जातेस?"

मी सांगणार नव्हते. सांगितलं. सगळंच सांगितलं, आणि रडायला लागले.

ताईनं मला रडू दिलं. मग चक्क हसली.

"तू त्याच्यासाठी बस सोडलीस? वेडी आहेस का? उद्या तो ट्रेनमध्ये दिसला तर रेल्वे सोडशील?"

"ताई, त्यांनी तुझं..."

"माझं. हां. माझं." तिचा आवाज जरा कडक झाला. "ते दुःख माझं आहे, करुणा. तू ते अंगावर घालून मिरवू नकोस."

जानेवारीतला एक रविवार. आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब विचारतात, आज पाहुणे कोण आलेत? उभं राहून ओळख द्या. शेवटच्या बाकावरून कुणीतरी उठलं. खाकी कपडे नव्हते, म्हणून मला क्षणभर ओळखूच आला नाही. पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेला पुढचा बाक.

"मी सुदर्शन पाटोळे. शिरूरचा," तो म्हणाला.

चर्चमधल्या सगळ्या माना मागं वळल्या. पप्पा मंडळीचे पंच, पहिल्या रांगेत बसलेले. त्यांनी मान वळवली नाही.

"पाच वर्षांमागं ह्या मंडळीतल्या एका घरापुढं मांडव पडला हुता. आमच्या घरनं वऱ्हाड आलं न्हाई. मी तवा कॉलेजात हुतो. नवी चप्पल घालून दारात बसलो हुतो, निघायचं म्हणून. चुकीचं चाललंय हे मला कळत हुतं... पण मी तोंड उघडलं न्हाई." तो थांबला. "त्या घराची मान सगळ्यांसमोर खाली गेली, म्हणून माफी बी सगळ्यांसमोर मागतो. दुसरं काय मागायला आलो न्हाई."

तो बसला नाही. कसं बसावं, हे त्याला कळत नव्हतं.

माझ्या शेजारून ताई उठली.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "आणि बाहेर चहा आहे. घेतल्याशिवाय जाऊ नका."

पण पप्पा उठले आणि बाजूच्या दारानं निघून गेले.

बाहेर चिंचेखाली चहा चालला होता. मी लांब उभी होते. पाळकीणबाई मला म्हणाल्या, "पोराची कमाल आहे गं. आई वर्षभर अंथरुणाला आहे त्याची, अर्धांगवायू. थोरला पुण्यात, फोनवर विचारपूस करतो. हाच पहाटे उठून तिचं सगळं आवरतो आणि ड्यूटीवर जातो."

रोज माझ्याशी इतकं बोलायचा, पण हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं त्यानं.

घरी पप्पा म्हणाले, "नाटकं आहेत."

"नाटक करायचं असतं तर शिरूरला केलं असतं, पप्पा," ताई म्हणाली. "तिथं टाळ्या मिळाल्या असत्या."

पप्पांनी ताट सरकवलं.

"त्या घरात माझी दुसरी मुलगी जाणार नाही."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. दौंडला काय लपून राहतं?

पुढच्या शनिवारी ताई म्हणाली, "चल, शिरूरला जाऊ." कशाला म्हटलं, तर सांगेना.

पाटोळ्यांचं घर घोडनदीच्या बाजूला, दोन खोल्यांचं, पुढं शेवग्याचं झाड. दार सुदर्शननंच उघडलं. बाह्या वर केलेल्या, हातात फणी. आम्हाला बघून तो असा उभा राहिला, जसं काही तिकीट न काढता तोच सापडलाय.

"आईचं चाललं हुतं..." तो म्हणाला. "केसांचा गुंता मला काय सुटत न्हाई."

आत खाटेवर त्याची आई, साखरबाई, उशाला टेकून बसल्या होत्या. मी मनात जिचा चेहरा भिंतीएवढा मोठा करून ठेवला होता, ती ही बाई एवढीशी होती. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांनी ताईकडं बघितलं. ओळख पटायला थोडा वेळ लागला... मग त्यांचे डोळे खाली गेले, ताईच्या पायांकडं. डाग आता घोट्यापुरता नव्हता, दोन्ही पावलं पांढरी झाली होती. ताई ती कधीच झाकत नसे. साधी सँडल घालायची आणि चालायची.

साखरबाई डाव्या हातानं खाटेच्या कडेला रेटा देऊ लागल्या. वाकायचं होतं त्यांना. हात ताईच्या पायांकडं जात होता.

ताई पटकन मागं सरली.

"नाही मावशी. पाया पडायचं नाही. मी देव नाही, आणि तुमची सूनही नाही." मग तिनं सुदर्शनच्या हातातून फणी घेतली. "केस विंचरू का?"

ती खाटेवर त्यांच्या मागं बसली. खालून वर, एकेक बट धरून गुंता सोडवत राहिली. दुखू नये म्हणून मुळाशी बोट दाबायची. मम्मी आमचे केस असेच विंचरायची. साखरबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "पो... पोरी..." एवढंच त्या बोलत होत्या, पुन्हा पुन्हा. सुदर्शन स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, पण चहा काही येईना.

मी भिंतीला टेकून बघत होते. खरं सांगते, मला ते जमलं नसतं. प्रेमावर मी संडे स्कूलमध्ये कितीतरी धडे घेतले होते, पोरांकडून वचनं पाठ करून घेतली होती. पण त्या दुपारी माझीच ताई मला नव्यानं कळली, आणि तिची थोडी भीतीही वाटली.

परतताना शिरूर स्टँडवर मी विचारलं, "ताई, माफ केलंस तू त्यांना?"

ती शेंगा सोलत होती. "रोज करावं लागतं गं. सकाळी केलेलं कधी कधी संध्याकाळपर्यंत पुरत नाही." तिनं दोन दाणे माझ्या हातावर ठेवले. "आज पुरलं."

घरी तिनं पप्पांना सगळं सांगितलं, फणीसकट. पप्पा ऐकत राहिले. ज्या वर्षी मांडव सुटला, त्या वर्षापासून प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की पप्पा गप्प व्हायचे. बाकी सगळी प्रार्थना मोठ्यानं म्हणायचे, ती एक ओळ सोडून. चर्चमध्ये बाकीच्यांना कळत नसे, आम्हा दोघींना कळायचं. त्या रविवारी त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण हलले.

मंगळवारी मी शाळेत असताना जे घडलं, ते मला सुदर्शननं सांगितलं. साडेदहाच्या गाडीत पप्पा चढले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री.

"कुठं, साहेब?" सुदर्शननं विचारलं.

"शिरूर."

"कुणाकडं... म्हंजी, काम हुतं का काय?"

"तुझ्या आईकडं. तिकीट दे."

शिरूरला गाडी लागल्यावर सुदर्शननं त्यांना घरी नेलं. आत गेल्यावर पप्पांनी साखरबाईंना फक्त सलाम केला. मग खुर्ची ओढून बसले आणि आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगत राहिले. मनमाडच्या लाइनवर एकदा गाय कशी आडवी आली, धुक्यात सिग्नल कसा दिसत नसे... बाई बोलू शकत नव्हत्या, पप्पा पाच वर्षांत इतकं बोलले नव्हते. निघताना त्यांच्या उशाशी उभं राहून पप्पांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. सगळी प्रार्थना. मोठ्यानं.

घरी येऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. चहात साखर मात्र फार टाकतो."

ताईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

पुढं लग्न झालं, मी शिरूरला आले, न्हावऱ्याला उलट्या दिशेनं जाऊ लागले. सासूबाई त्यानंतर तीन-चार वर्षं होत्या. त्यांची वेणी मी घालायचे. पहिले काही महिने माझ्या हातात प्रेम कमी आणि कर्तव्यच जास्त होतं, हे त्यांनाही कळत असणार. मग कधी बदललं, आठवत नाही. एक दिवस त्यांना जराशी कळ आली, आणि 'आई गं' माझ्याच तोंडून निघालं. शेवटी शेवटी त्यांना फक्त माझंच बोलणं कळायचं, आणि मला त्यांचं. ताईनं लग्न केलं नाही. तिला करायचंच नव्हतं, असं म्हणते. दर नाताळला ती आणि पप्पा आमच्याकडं येतात, आणि माझ्या मुलीला ती माझ्याविषयी नको नको त्या गोष्टी सांगते. विनयभावजी एकदा आले होते. ताईनं त्यांनाही चहा दिला. जास्त काही बोलली नाही.

पण हे सगळं नंतरचं. मला जास्त आठवतो तो एप्रिलमधला दिवस, पप्पांनी हो म्हटल्यानंतरचा.

मी पुन्हा साडेदहाची गाडी धरली होती. केडगाव सोडलं आणि पुढं टायर पंक्चर झालं. सगळे उतरले. रस्त्याकडेला एक मोठं कडुलिंब होतं, फुलांनी भरलेलं. खाली सावलीत फुलांचा सडा, आणि तो कडवट-गोड वास. लोक गप्पा मारत बसले. ड्रायव्हर जॅक लावत होता. सुदर्शन माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून मशीनची बटणं उगाच दाबत होता.

"तुमची माफी सगळ्या दौंडनं ऐकली," मी म्हटलं. "तुमचा चहा पप्पांनी प्यायला. मी काय ऐकलं?"

"म्हंजी?"

"म्हणजे मला कुणी काही विचारलंच नाही."

त्याचे कान लाल झाले.

"तुमची हरकत नसंल तर..." तो म्हणाला. थांबला. "न्हाई, तसं न्हाई. मला असं म्हणायचं हुतं... की आमच्या घरात आई अशी... काम लई पडंल तुम्हाला..."

"हे तुम्ही घाबरवताय की विचारताय?"

"मला बी कळंना झालंय."

"दिवसभर गावांची नावं ओरडत असता. आता काय झालं?"

"ती पाठ हायेत."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. "बरं. आधी माझं नाव घ्या. म्याडम नको."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. लिंबाची दोन-तीन फुलं त्याच्या खांद्यावर पडली होती.

"करुणा," तो म्हणाला. एवढ्या हळू, की पानांच्या सळसळीत विरून गेलं असतं. "करुणा... मला..."

"चला रे, झालं!" ड्रायव्हर ओरडला. "बसा, बसा, आधीच उशीर झालाय!"

लोक धडाधड उठले. कुणाची पिशवी, कुणाचं लेकरू, एकच गडबड. मीही त्या गर्दीत दारापर्यंत ढकलली गेले. पायरीवर पाय ठेवला आणि वळून बघितलं. तो तिथंच होता, झाडाखाली, तोंड अर्धवट उघडं, पुढचा शब्द ओठांवर अडकलेला.

"मला पण," मी म्हटलं.

आत जाऊन खिडकीशी बसले. गाडी भरली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला.

"अरे, कंडक्टर कुठं राहिला?" कुणीतरी विचारलं.

तो अजून खालीच उभा होता, हसत.